घरातल्या मराठी पुस्तकांची यादी करायला काय वापरता?

गोदाकाठ:
मंडळी, बाबांची पुस्तकं आता माझ्याकडे आलीयेत, हजार-बाराशे तरी असतील, बहुतेक मराठी आणि त्यातली बरीच १९६०-७० च्या आसपासची. ॲपने बारकोड स्कॅन करायला बसले तर इंग्रजी पटापट येतात, नवीन मराठी कधी येतात कधी नाही, आणि जुन्यांवर तर बारकोडच नाही! तुम्ही काय वापरता? फुकट असेल तर उत्तम. आणि हे आवडलं तर ते वाचा असं मराठीसाठी कुठे नीट चालतं का?

उंटावरचा_शहाणा:
लायब्ररीथिंग, आपल्या पुस्तकांची यादी ठेवायची वेबसाइट. २००५ पासून आहे, आधी फुकटात २०० च पुस्तकं घालता यायची, २०२० मध्ये ती मर्यादा काढली. तिथे पुस्तक शोधताना सोर्स, म्हणजे माहिती कुठल्या ग्रंथालयाच्या यादीतून घ्यायची ते, बदलता येतो, तो लायब्ररी ऑफ काँग्रेस (अमेरिकेतलं मोठं सरकारी ग्रंथालय) करून बघा. हसू नका, त्यांचं दिल्लीत १९६२ पासून ऑफिस आहे आणि मराठी पुस्तकंही खरेदी करून अमेरिकेत पाठवतात, त्यामुळे आपल्या गावच्या वाचनालयाच्या साइटवर नसलेलं पुस्तक तिकडे सापडू शकतं. गोम एवढीच की नोंदी रोमन लिपीत असतात आणि स्पेलिंग त्यांच्या नियमाने, म्हणजे आपण बोलताना गिळतो तो प्रत्येक अ ते लिहितात आणि श ला एसएच नाही, नुसता एस. शिरवाडकर हवे असतील तर एस आय आर ए व्ही ए डी ए के ए आर ए. एकदा सवय झाली की जमतं.

खिडकीची_सीट:
एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा हाताने टाइप केलेलं बरं की. रोमन नोंद आणली तरी नंतर देवनागरी आपणच करायचंय ना? मी सरळ गूगल शीटमध्ये भरते, नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, कुठल्या कपाटात, कोणाला दिलंय. बास. फक्त एक सांगते, कुठल्याही साइटवरून आपली यादी सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून उतरवली तर ती एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका, देवनागरीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात आणि १३ आकडी आयएसबीएनचं (बारकोडखालचा पुस्तकाचा नंबर) ९.७८ई+१२ होतं, तसंच सेव्ह केलं की गेलं सगळं. इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडा, म्हणजे देवनागरी नीट दिसते.

उंटावरचा_शहाणा:
शीटमध्ये भरा की, पण दुसऱ्या कोणाकडे तेच पुस्तक आहे हे शीटला कळत नाही, मग हे आवडलं तर ते वाचा असं ती सुचवणार कशी, आणि त्यांनी विचारलंय त्यातलं अर्धं तेच आहे.

पेठेतला:
त्या अर्ध्याबद्दल, म्हणजे सुचवण्यांबद्दल, फार आशा ठेवू नका. गुडरीड्स घ्या (२०१३ पासून ॲमेझॉनचं) नाहीतर स्टोरीग्राफ, वाचकांच्या या साइटवर सुचवण्या येतात त्या लोकांनी काय वाचलं, किती स्टार दिले त्यावरून, आणि मराठीत ते विखुरलेलं असतं. एकच लेखक देवनागरीत वेगळा, रोमनमध्ये वेगळा, 'वि. वा.' मध्ये जागा सोडली की अजून वेगळा, त्यात कविता कुसुमाग्रज नावाने आणि नाटकं शिरवाडकर नावाने. हे सगळं एकच माणूस आहे हे मशीनला कोणीतरी सांगायला लागतं. लायब्ररीथिंगवर साधा सभासदही ही नावं जोडू शकतो, गुडरीड्सवर त्यासाठी लायब्ररियनचे हक्क मागून घ्यावे लागतात. म्हणून माझं मत लायब्ररीथिंगलाच.

आणि जुनं काही शोधायचं असेल तर शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची बघाच. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. पुस्तकं विषयवार लावलीयेत, त्यामुळे तुमच्याकडचं एक पुस्तक त्यात शोधलं की त्याच्या आजूबाजूची दिसतात. माझे कितीतरी लेखक असेच सापडलेत, कुठल्याही ॲपने ते सुचवले नसते.

गोदाकाठ:
दातेसूची आहे बाबांकडे!! मला वाटलं जुनी डिरेक्टरी आहे, रद्दीच्या ढिगात ठेवली होती, काढते परत. बाकी लायब्ररीथिंगवर नाव आधी देवनागरीत घालू की रोमनमध्ये?

पेठेतला:
देवनागरीत, मुखपृष्ठावर आहे तसंच. रोमन हवं तर टॅगमध्ये टाका. आणि महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करून ठेवत जा, साइट कुठलीही असो.

खिडकीची_सीट:
आणि यादी होईपर्यंत कोणालाही पुस्तक देऊ नका 😄