निर्माल्याच्या कामाला कोण कोण येणार?

ए-१०४ (सेक्रेटरी): नमस्कार, दीड दिवसाचे गणपती गेले की निर्माल्य वेगळं करायला माणसं लागणार. मागच्या वर्षी आलेल्यांचीच नावं टाकतोय, नाही म्हणू नका.

बी-३०२: काका ही सगळी पोरांचे आईबाबाच आहेत मरे, बाकीच्यांना सुट्टी काय 😀

सी-२०१: अहो आम्हाला पोरंच ओढून आणतात. माझी पाचवीत, शाळेत ओला कचरा सुका कचरा शिकवलंय तर घरी डब्यात डोकं घालून बसते. मागच्या वर्षी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या फळापानांच्या चौकटीच्या, तारा कापून सुपाऱ्या नि कवंडळाची फळं वेगळी करायला तीच पुढे, मग मी काय गॅलरीतून बघत राहू? लग्नाआधी असल्या कामाच्या वाटेला पण गेलो नव्हतो.

ए-३०३: आमचं उलटं. पूर्वी रविवारी मिरामारला बीच क्लीनिंगला जायचे, आता बाळामुळे धड आंघोळ झाली तरी खूप. इच्छा आहे हो, हात मोकळे नाहीत.

बी-१०१: अमेरिकेच्या सरकारी सर्वेत, २०१५ चा, घरात १८ वर्षांखालची मुलं असलेल्यांपैकी ३१.३ टक्के लोकांनी वर्षभरात कधीतरी फुकट सेवा केलेली, बाकीच्यांत २२.६ टक्के. त्यात पालकांचं बरंचसं काम शाळेचं आणि पोरांच्या खेळाबिळाचं.

सी-४०४: म्हणजे आपल्या पोरापुरतंच! दहावी झाली की शाळेच्या पीटीएमधून (पालक-शिक्षक संघातून) गायब. आणि आमचा कॅनडाला गेला तेव्हापासून मला कोण विचारतच नाही, वेळच वेळ आहे माझ्याकडे, गुडघे सोडले तर.

ए-१०४ (सेक्रेटरी): वहिनी तुम्हाला त्रास नको म्हणून...

सी-४०४: त्रास आहे की नाही ते मला ठरवूंदे ना. खाली खुर्ची टाका, थर्माकोल नि प्लास्टिकच्या माळा मी काढते.

बी-३०२: आणि मला पोरंबाळं नाहीत म्हणजे मी कायम रिकामा असं पण नको हां. पिकअप आहे, पिशव्या नेतो, फक्त आयत्या वेळी रात्री बाराला फोन करू नका.

ए-३०३: मला फोनाफोनी द्या, बाळ झोपलं की करीन.

ए-१०४ (सेक्रेटरी): बरं, नावांची लिस्ट काढून टाकतो. नुसती कामं लिहितो, ज्याला जे जमेल त्यापुढे त्याने फ्लॅट नंबर टाका.

बी-१०१: तार कापायची माझी पक्कड गेल्या वर्षी कोणीतरी नेली ती अजून आलेली नाही. आधी ती आणा.