मदत हवी आहे: राज्याच्या राजकारणासाठी विश्वासाचे सोर्स सांगा

नमस्कार मंडळी, मी २१ वर्षांचा, मूळचा बार्शीचा, घरी शेती, सध्या पुण्यात राज्यशास्त्र शिकतोय. कुठल्याच पक्षाचा नाहीये पण मत पक्कं आहे, की गावाचा पैसा आणि अधिकार गावाकडेच पाहिजे. पंचायत राजला घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, तरी ग्रामसेवक आणि बीडीओच्या (गटविकास अधिकाऱ्याच्या) सहीशिवाय सरपंचाचं पान हलत नाही, आणि २०२२ पासून तर मुंबई-पुण्यासारख्या महापालिकासुद्धा कितीतरी काळ प्रशासकांच्या हातात होत्या, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाचतो म्हणाल तर लोकसत्ताचा अग्रलेख, जिल्ह्याच्या बातम्यांना सकाळ, आणि संसदेतल्या बिलांसाठी पीआरएस या संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची साइट, ती मला सगळ्यात भरवशाची वाटते कारण मूळ विधेयकच समोर ठेवतात. चॅनेलवरच्या चर्चा बघणं सोडलंय, नुसता आरडाओरडा. पण विधानसभेत आपल्या आमदाराने काय प्रश्न विचारला, जिल्हा परिषदेचा निधी कुठे गेला हे सोप्या मराठीत कुठे मिळतं? विधिमंडळाच्या कामकाजाचे अहवाल कसे वाचायचे, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. एखादा चांगला पॉडकास्ट किंवा जिल्ह्यातला पत्रकार फॉलो करण्यासारखा असेल तर तेही सुचवा, फक्त कुठल्या पक्षाचा प्रचार नको.