मदत हवी आहे: दुसऱ्या मध्यवर्ती असेंब्लीची मुदत नेमकी कशी मोजायची?

टिपणवही:
माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरच्या (१९१९ चे ब्रिटिश राज्यकारभारातले बदल) दिल्लीच्या असेंब्लीवर टिपण लिहितेय, दुसऱ्या मुदतीवर. तीन ठिकाणी अडलंय. काही पुस्तकं १९२३-२६ लिहितात, काही १९२४-२६. अध्यक्ष कुठे व्हाइट, कुठे विठ्ठलभाई पटेल. सभासद कुठे १४०, कुठे १४५. खरं कोणतं?

कागदवेडा:
मुदत निवडणुकीपासून मोजत नाहीत. १९१९ मध्ये सुधारलेल्या भारत सरकार कायद्यातल्या कलम ६३ड प्रमाणे असेंब्लीची तीन वर्षं तिच्या पहिल्या बैठकीपासून धरायची (वरिष्ठ सभागृहाची, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटची, पाच). मतदान नोव्हेंबर १९२३ मध्ये झालं, पण सभागृह भरलं जानेवारी १९२४ च्या अखेरीस. म्हणून १९२४-२६ लिहा आणि निवडणुकीचं साल वेगळं द्या. नोव्हेंबर १९२६ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि तिसरी असेंब्ली १९ जानेवारी १९२७ ला नव्या गोल इमारतीत बसली. दुसरीची दिल्लीतली अधिवेशनं जुन्या सचिवालयात झाली, जिथे आज दिल्लीची विधानसभा आहे.

अध्यक्षांचं म्हणाल तर दोन्ही बरोबर. पहिला अध्यक्ष सरकारने नेमायचा आणि पुढचे सभागृहाने निवडायचे, अशी तरतूद होती. नेमलेल्याची मुदत चार वर्षांची, असेंब्लीची तीन. त्यामुळे फ्रेडरिक व्हाइट दुसऱ्या असेंब्लीतही खुर्चीवर राहिले. पटेल निवडून आले ऑगस्ट १९२५ मध्ये, रंगाचारियरांविरुद्ध ५८ विरुद्ध ५६ मतांनी. ते अधिवेशन शिमल्याचं, दिल्लीचं नव्हे. इथे हमखास चूक होते.

शेवटचा बाक:
आकड्यांचा घोळ असा: कायद्यात १४० लिहिलंय, नियमांनी ते १४५ केले. प्रत्यक्षात १०४ निवडलेले, ४१ नेमलेले, आणि त्या ४१ पैकी २६ सरकारी अधिकारी. मतांचं गणित करताना हे २६ विसरलात तर काहीच जुळणार नाही, कारण ते गठ्ठ्याने सरकारकडे जातात. मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाला एकट्याला बहुमत नव्हतं. जिनांचे स्वतंत्र सभासद आले तरच सरकार हरायचं. ८ मार्च १९२६ ला मोतीलाल नेहरू पक्षासह बाहेर पडल्यावर तर सगळं चित्रच पालटतं, तेव्हा त्यानंतरची मतविभागणी आधीच्या आकड्यांशी ताडून बघू नका.

मूळ कागद बघायचे तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात असेंब्ली डिबेट्स आहेत. १९२४ साठी चौथा खंड. सभासद बोलायला उठला की नावापुढे कंसात मतदारसंघ छापलेला असतो: ‘व्ही. जे. पटेल (बॉम्बे सिटी : नॉन-मोहमेडन अर्बन)’. नेमलेल्यांच्या कंसात ‘नॉमिनेटेड’ येतं. हा कंस वाचल्याशिवाय कुणालाही ‘निवडून आलेला’ म्हणू नये. मतविभागणीची नावंही तिथेच सापडतात, ‘आयेज’ आणि ‘नोज’ अशी. स्कॅन पुसट असले की ३ आणि ८ एकसारखे दिसतात, तेव्हा छापलेल्या बेरजेवर न विसंबता नावं मोजा.

टिपणवही:
आभारी आहे. मिठाचा कर दुप्पट झाला तो याच असेंब्लीत ना? आणि मराठी सभासदांत जयकरांचं नाव घालू का?

कागदवेडा:
दोन्ही नाही. मण मीठावरचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला तो मार्च १९२३ मध्ये, म्हणजे पहिल्या असेंब्लीत. तिने नकार दिला तरी व्हाइसरॉय रीडिंगनी स्वतःच्या अधिकारात तो लादला. दुसऱ्या असेंब्लीचा प्रसंग १७ मार्च १९२४ चा: फायनान्स बिल मांडायलाच ६० विरुद्ध ५७ मतांनी परवानगी नाकारली. रीडिंगनी पुन्हा तोच मार्ग धरला, फक्त या वेळी कर सव्वा रुपयावर परत आला होता. दोन्ही मार्चमधलं, दोन्हीकडे रीडिंग, म्हणून सरमिसळ होते.

जयकर १९२३ ला मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात निवडून आले. दिल्लीत ते १९२६ च्या निवडणुकीनंतर. तुमच्या मुदतीत न. चिं. केळकर घ्या.

शेवटचा बाक:
एक भर. पुढे तिसऱ्या असेंब्लीवर लिहिलंत तर तीन वर्षांचा नियम तिथे सरळ लावू नका. त्याच ६३ड मध्ये व्हाइसरॉयला मुदत वाढवण्याचीही मुभा होती आणि आयर्विननी ती वापरली. पुढची निवडणूक थेट सप्टेंबर १९३० मध्ये.