मामा तलाव: आधी गाळ उपसा की आधी वही घाला?

तलावकाठचा
उन्हाळा लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या) तलावांत, जेसीबी उतरतात. गाळ निघतो, फोटो निघतात. पण तिथं आधी कोणत्या पाणवनस्पती होत्या, मासे अंडी कुठं घालत, याची नोंद कुठंच नाही. मग तलाव सुधारला की बिघडला, हे ठरवायचं कशावरून? मत्स्य संस्थांनी दर महिन्याला पातळी, वनस्पती, जाळ्यात आलेले मासे लिहावेत. पुढची तीस वर्षं.

रोखठोक गोंदिया
तीस वर्षं लिहीत बसा, तोवर तलाव बेशरमच्या झुडपांनी भरून जाईल. ढिवराला मासा यंदा पाहिजे, भाऊ. अशा संशोधनातून कोणाची तरी पीएचडी होते, गावाच्या हाती काय?

धानवाला
यंदा पाहिजे हे खरंच. पण एका वर्षाच्या आकड्यावर फसगत होते: पाऊस कमी पडला म्हणून मासळी घटली आणि आपण दोष देतो तिलापिया माशाला. सैबेरियात बैकल सरोवराचे नमुने मिखाईल कोझोव यांनी १९४५ च्या सुमारास आठवड्या-दहा दिवसांनी घ्यायला सुरुवात केली. पुढे मुलीनं, मग नातीनं ते चालवलं. एवढं अफाट, थंड पाणीसुद्धा तापतंय, हे त्या साठ वर्षांच्या वह्यांमुळे कळलं.

रोखठोक गोंदिया
बैकल दीड किलोमीटरहून खोल! आपल्या तलावात मे महिन्यात गुरं चरतात. आणि कॅनडा सरकारनंही २०१२ मध्ये तळ्यांच्या संशोधन केंद्राचा पैसा बंद करायचं ठरवलंच ना?

तलावकाठचा
पुढचंही सांगा की! ओरड झाली आणि २०१४ मध्ये ते केंद्र एका स्वतंत्र संस्थेनं चालवायला घेतलं. ऑन्टारिओतलं हे काम १९६८ पासूनचं. १९७३ मध्ये तिथं २२६ क्रमांकाचं तळं मधोमध पडदा लावून तोडलं. नायट्रोजन आणि कार्बन दोन्हीकडे, फॉस्फरस फक्त एकीकडे. त्याच बाजूला पाणी शेवाळानं हिरवंगार झालं. आपल्या धानाच्या बांध्यांतलं डीएपी, म्हणजे फॉस्फरसवालं खत, वाहून कुठं जातं, सांगा बरं?

ढिवरपुरा
लिहिणार कोण? आमच्या बाया रोज पाण्यात उतरतात, त्यांना सगळं दिसते. त्यांना मजुरी द्या. फुकटचा स्वयंसेवक दोन पावसाळे टिकत नाही. आणि लीज दुसऱ्या संस्थेकडे गेली की वही पण गेली.

रोखठोक गोंदिया
हे मात्र पटलं. वही ग्रामपंचायतीत ठेवायला माझा विरोध. आमच्याकडं पाणीपट्टीचं रजिस्टरच सापडत नाही.

तलावकाठचा
दोन प्रती करा, एक शाळेत ठेवा. गाळ काढू नका असं मी म्हणालोच नाही. यंदा अर्धाच तलाव उपसा, अर्धा तसाच राहू द्या. फरक दिसेल.

रोखठोक गोंदिया
कोणता अर्धा? गाळ ज्यांच्या वावराला जवळ पडतो, ते आपलीच बाजू मागतील. ग्रामसभेत विषय काढून पाहा एकदा.