कॉलमचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर ‘गेट’ वापरणं बंद करा, माझं स्पष्ट मत (तुमचं पण सांगा)

कर्नाळ_रोडवाला

आधीच सांगून टाकतो म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. आर भाषेत डेटा डॉट टेबल (टेबल हाताळायचं पॅकेज) वापरताय, ओळी गाळायच्यात म्हणजे हव्या तेवढ्याच ठेवायच्यात, कुठल्या कॉलमवर गाळायच्या ते नाव व्हेरिएबलमध्ये ठेवलंय, आणि चौकटी कंसात गेट (नाव दिलं की त्या नावाची गोष्ट आणून देणारं फंक्शन) लिहून मोकळे होताय, तर एक दिवस पोळणार. मी पोळलोय.

आमच्या भागात पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट आहे त्यावर असतं, 40 ला इशारा आणि 45 ला धोका हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ आहे, 2019 ला तर 57 च्या वर गेलं होतं. तर मी घरच्या घरी एक फाइल ठेवतो, दर तासाची एक ओळ, आणि कॉलम म्हणजे वेळ, कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली. कुठलं ठिकाण बघायचं ते जागा नावाच्या व्हेरिएबलमध्ये, मर्यादा इशारा नावाच्या व्हेरिएबलमध्ये. ओळ अशी (इथं सगळं देवनागरीतच लिहितोय, टे म्हणजे ते टेबल):

टे[गेट(जागा) >= इशारा]

दोन वर्षं मस्त चाललं. मग फाइल भरायला मदत करणाऱ्या मित्रानं स्वतःच्या सोयीसाठी एक कॉलम वाढवला, त्या तासात ग्रुपवर किती मेसेज टाकले त्याचा आकडा, 0, 1, 2 असा, आणि कॉलमला नाव दिलं इशारा! दुसऱ्या दिवशी चौदा ओळी यायच्या तिथं सातशेच्या वर आल्या, कारण डेटा डॉट टेबल चौकटी कंसात नाव दिसलं की आधी टेबलच्या कॉलममध्ये शोधतं, तिथं नाही सापडलं तरच बाहेर जातं, म्हणजे माझं 40 राहिलं बाजूला आणि आयर्विनचे 9 फूट 0 शी ताडून “हो, इशारा ओलांडला” म्हणून आले. एरर नाही, वॉर्निंग नाही. सातशे आल्या म्हणून कळलं तरी, उलटं होऊन यादी रिकामी आली असती तर “पाणी कमी आहे” समजून झोपलो असतो राव.

जानेवारी 2024 ला डेटा डॉट टेबलची 1.15.0 आवृत्ती आली त्यात एन्व्ह नावाचा आर्ग्युमेंट (कंसात द्यायची जादा सूचना) दिलाय, तो वापरा:

टे[क >= म, एन्व्ह = लिस्ट(क = जागा, म = इशारा)]

क आणि म च्या जागी खरं नाव आणि खरा आकडा आधी बसतो, मग ओळ चालते, त्यामुळे कॉलमशी भांडणच नाही.

भडंग_आणि_चहा

दादा, गोष्ट चांगली सांगितली पण चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. गडबड झाली ती इशारा ह्या नावामुळं, गेटमुळं नाही. तुम्ही गेट काढून नुसतं टे[आयर्विन >= इशारा] लिहिलं असतं तरी त्याच सातशे ओळी आल्या असत्या. गेट बिचारं आपलं काम इमानदारीत करत होतं.

माझा साधा नियम आहे, बाहेरच्या व्हेरिएबलच्या नावापुढं टिंब लावायचं, .इशारा, .जागा असं. कॉलमला टिंबानं सुरू होणारं नाव कोणी देत नाही. झालं काम. नवीन आर्ग्युमेंट शिका, सगळीकडं आवृत्ती वाढवा, कशाला ती उठाठेव.

कर्नाळ_रोडवाला

मान्य, त्या दिवशीचा गुन्हेगार इशारा होता, लिहिताना मी दोन्ही एकात मिसळलं. पण उद्या त्याच मित्रानं जागा नावाचा कॉलम टाकला तर गेट(जागा) मधली जागा पण टेबलातूनच उचलली जाणार, तेव्हा गेटच तोंडावर पडणार ना? आणि टिंबाचा नियम तुमच्या डोक्यात आहे, फाइल भरणाऱ्याच्या नाही, सहा महिन्यांनी तुमच्या पण नसेल.

विश्रामबाग_पांडा

आमच्या पायथन भाषेतल्या पांडास लायब्ररीमध्ये हे रडगाणंच नाही. टे[टे[जागा] >= इशारा], बास. इशारा म्हणजे माझा इशारा, कॉलम हवा असेल तर टे आणि कंस लिहावाच लागतो. तुम्ही लोकांनी चार अक्षरं वाचवायला जादू केली आणि आता जादू उतरवायला मंत्र शोधताय 😄

भडंग_आणि_चहा

भावा, ते टे दोनदा लिहिणंच कधीतरी नडतं. कॉपी पेस्ट करताना टे2021[टे2019[जागा] >= इशारा] असं झालं आणि दोन्हीची ओळसंख्या सारखी, इंडेक्स (ओळींचे क्रमांक) 0 पासून सारखा, तर पांडास चूं करत नाही. 2019 चा पूर बघून 2021 च्या ओळी देतं. माझ्याच हातून झालंय. आणि पांडासची क्वेरी, म्हणजे अट स्ट्रिंगमध्ये (अवतरणातल्या मजकुरात) लिहायची सोय, वापरलीस तर तुला पण आकड्यापुढं ॲट चिन्ह लावावं लागतं, आणि कॉलमचं नाव तर स्ट्रिंगमध्येच चिकटवावं लागतं. जादू तिकडं पण आहेच की.

पेवातली_हळद

मला तुमची सगळ्यांचीच गंमत वाटते. कॉलमचं नाव व्हेरिएबलमध्ये का ठेवावं लागतं? कारण टेबलच आडवं मांडलंय. कराड, बहे, भिलवडी ही कॉलमची नावं नाहीतच हो, ती ठिकाणं आहेत, म्हणजे तो डेटा आहे आणि तुम्ही त्याला डोक्यावर नेऊन बसवलाय. मेल्ट करून उभं करा, वेळ, ठिकाण, फूट असे तीन कॉलम. मर्यादांचं वेगळं छोटं टेबल ठेवा, प्रत्येक ठिकाणाची एक ओळ, आणि जोडून घ्या. मुळात प्रत्येक पुलाची इशारा पातळी वेगळी असते, एकाच इशारा व्हेरिएबलवर तुम्ही अंकली आणि कराड दोन्ही बघत होता का? तसं असेल तर सातशे ओळींच्या आधीपासूनच तुमचं उत्तर चुकत होतं.

आम्ही हळदीच्या सौद्याचे दर असेच ठेवतो. राजापुरी, कणी, गठ्ठा हे एका कॉलममधले प्रकार आहेत, प्रत्येकाचा वेगळा कॉलम केला असता तर नवीन प्रकार आला की सगळी स्क्रिप्ट उघडत बसावं लागलं असतं.

कर्नाळ_रोडवाला

ताई, मर्यादेचं बरोबर बोललात, ते टोचलं. ठिकाणाप्रमाणं बदलत होतो पण हातानं बदलत होतो.

पण सगळं उभं करा हे मला पटत नाही. माझ्या दुसऱ्या फाइलमध्ये कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये आणि पुलाचे फूट, असं तिन्ही आहे. उभं केलं की ‘मूल्य’ नावाच्या एकाच कॉलममध्ये 105 टीएमसी आणि 40 फूट शेजारी शेजारी बसणार, मग कोणीतरी त्याची सरासरी काढणार. ते खरंच वेगवेगळे कॉलम आहेत, आणि त्यातला कुठला निवडायचा ते वापरणारा ठरवतो, म्हणजे नाव व्हेरिएबलमध्ये येणारच.

पेवातली_हळद

टीएमसी आणि फूट एकत्र करा असं मी कुठं म्हटलं? नदीचं टेबल उभं, धरणाचं आडवं. धरणासाठी तुमचं ते एन्व्ह वापरा खुशाल.

माधवनगर_सर

एन्व्हची एवढी आरती चाललीय म्हणून त्याचा खड्डा पण दाखवतो. त्यात दिलेली स्ट्रिंग नाव म्हणून धरली जाते. आकडा दिला तर ठीक, पण ठिकाण == म असं गाळायचंय आणि म मध्ये “भिलवडी” दिलं तर ते भिलवडी नावाचा कॉलम शोधत फिरणार. ती स्ट्रिंग कॅपिटल आय च्या कंसात गुंडाळून द्यावी लागते. पोरं हमखास इथं अडकतात आणि मग वैतागून परत गेटवर जातात. एन्व्हचा एक फायदा मात्र खरा, ‘बरोबर’चं चिन्ह (==) वापरून मोठं टेबल वारंवार गाळायचं असेल तर साधं कॉलमचं नाव दिसल्यामुळं आपोआप इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बनतो, गेट लिहिलं की तो मिळत नाही.

मी मुलांना तिसरंच शिकवतो. दोन ओळी:

ठेव = टे[[जागा]] >= इशारा
टे[ठेव]

पहिल्या ओळीत दुहेरी कंसानं कॉलम बाहेर काढला, तुलना बाहेरच झाली, म्हणजे इशारा हा तुमचाच इशारा. दुसऱ्या ओळीत कंसात एकटंच नाव असलं की डेटा डॉट टेबल ते कॉलममध्ये न शोधता बाहेरच शोधतं. पण हेच एका ओळीत टे[टे[[जागा]] >= इशारा] असं कोंबलंत तर पुन्हा सातशे ओळी! हे मी फळ्यावर लिहून दाखवलं तर अर्धा वर्ग विश्वास ठेवत नाही.

विश्रामबाग_पांडा

सर, म्हणजे एकच ओळ पांडासमध्ये बरोबर आणि तुमच्यात चूक. माझा मुद्दा सिद्ध 🙏

माधवनगर_सर

अरे बाबा, ओळ सारखी दिसते म्हणून भाषा सारखी होत नाही. डीप्लायर (आरमधलंच दुसरं पॅकेज) वाल्यांनी हे बरं सोडवलंय, कॉलम हवा तर डॉट डेटा, बाहेरचं हवं तर डॉट एन्व्ह, लिहिणाऱ्यानंच सांगायचं कुठून घ्यायचं. बोटांना त्रास होतो, पण वाचणाऱ्याला कळतं.

आणि एक राहिलं. पुराच्या फाइलमध्ये मधले तास रिकामे असतात, मोजणारा माणूसच पाण्यात अडकलेला असतो. साध्या डेटा फ्रेमवर (आरचं मूळचं टेबल) हे दोन ओळींचं केलं, म्हणजे ठेव नंतर स्वल्पविराम देऊन, तर प्रत्येक रिकाम्या तासामागं सगळ्या रकान्यांत एनए (म्हणजे ‘माहिती नाही’) असलेली एक भुताची ओळ येते. डेटा डॉट टेबल आणि डीप्लायर ती टाकून देतात.

बॅक_ऑफिस_बाई

आमच्याकडं एसक्यूलाइट डेटाबेस आहे, क्वेरीत किंमत नंतर भरायची तिथं प्रश्नचिन्ह टाकतात. मी शहाणपणा करून कॉलमचं नाव पण प्रश्नचिन्हातून पाठवलं, वाटलं सुरक्षित असतं. तिथं प्रश्नचिन्हात फक्त किंमत जाते, नाव जात नाही, त्यामुळं ‘अंकली’ हा नुसता शब्द 40 शी ताडला गेला, आणि एसक्यूलाइटमध्ये अक्षरं कायम आकड्यापेक्षा मोठी. सगळंच्या सगळं टेबल बाहेर. आता चालणाऱ्या नावांची यादी ठेवलीय, आलेलं नाव त्यात असेल तरच क्वेरीत चिकटवते, नाहीतर सरळ एरर.

भडंग_आणि_चहा

ही यादी मात्र पटली. गेट सोडणार नाही, पण वर एक ओळ टाकतो, नाव टेबलच्या कॉलममध्ये नसेल तर थांब.

कर्नाळ_रोडवाला

आणि जागा नावाचा कॉलम आला तर?

भडंग_आणि_चहा

.जागा लिहिलंय ना दादा 😏

कर्नाळ_रोडवाला

बरं बाबा. मी नदीची फाइल ताईंच्या सांगण्याप्रमाणं उभी करतोय, धरणाची सरांच्या दोन ओळींवर नेतो, एन्व्ह फक्त जिथं इंडेक्स पाहिजे तिथं. मित्राच्या कॉलमला ‘मेसेज’ असं नाव दिलंय, त्याला अजून कळलेलं नाही.