मदत हवी आहे: रोजच्या दहा-पंधरा मिनिटांत मोडी कागद वाचून कसे होतील?

नमस्कार मंडळी,

मी धरणगावची. नोकरी जळगावला, रोज रेल्वेने अप-डाऊन. सासऱ्यांच्या (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो) लोखंडी पेटीत मोडीतले (म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या जोडून लिहायच्या लिपीतले) सात कागद आहेत. आबांच्या वडिलांनी नाल्याकाठचं शेत गहाण टाकलं होतं, मग सोडवलं, एवढंच घरात ऐकून माहीत. कुणाकडे, किती रुपयांना, ते त्या कागदांतच असणार. आबा ८४ वर्षांचे. दिवाळीत पेटी पुसायला काढली की दरवर्षी विचारतात, "बेटा, ह्यामा काय लिखेल शे?" यंदा म्हटलं, मीच शिकते.

सलग तास मला कधीच मिळत नाही. मिळतं ते असं: नळाला पाणी येतं त्या दिवशी टाकी भरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, फलाटावर गाडीची वाट बघताना दहा, रात्री भांडी आवरल्यावर थोडं. गाडीत बहुतेक उभीच असते, तेव्हा मोबाइलमधला कागदाचा फोटो मोठा करून नुसती अक्षरं ओळखते.

एवढ्यावर अडीच महिन्यांत मुळाक्षरं आणि बाराखडी झाली. एक गोष्ट फार उपयोगी पडली. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची. त्या रेघा मी रात्रीच ओढून ठेवते. सकाळी वही उघडली की हात थेट अक्षराला लागतो.

पहिल्या कागदावर 'पूर्व खानदेश' लागलं तेव्हा फलाटावरच डोळे भरून आले. खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले, म्हणजे कागद त्यानंतरचा. आमचं गाव आज धरणगाव तालुक्यात, कागदात मात्र तालुका 'एरंडोल'. रकमेपुढच्या उभ्या रेघा म्हणजे पाव, अर्धा, पाऊण रुपया, हे कळायला आठवडा गेला.

आता गाडी अडली आहे. शब्द सुटे लिहिलेले नाहीत, ओळ एका लपेटीत धावते, आणि ह्रस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. मी चार शब्द सोडवते तोवर वेळ संपतो. दुसऱ्या दिवशी ते चार पुन्हा ओळखण्यातच निम्मी मिनिटं जातात, की ये रे माझ्या मागल्या. एका ओळीला तीन-तीन दिवस लागतात.

ज्यांनी असं तुकड्या-तुकड्याने काही शिकून पार पाडलंय, त्यांना विचारायचंय. थांबताना तुम्ही नेमकं काय लिहून ठेवता, म्हणजे पुढच्या वेळी लगेच सुरू करता येईल? रोज एकच ओळ धरावी, की ओळ अर्धवट टाकून पुढचे ओळखीचे शब्द आधी वेचावेत? गाडीतल्या वेळात वाचनच करावं, की कागदातले नेहमीचे शब्द (मौजे म्हणजे गाव, मजकूर म्हणजे वर सांगितलेला, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा) पाठ करून घ्यावेत?

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात कागद दाखव, असं एकांनी सुचवलं. अडलेल्या ओळी घेऊन एखाद्या सुट्टीत नक्की जाईन. पण पहिला कागद तरी माझ्या तोंडून आबांनी ऐकावा, असं फार वाटतं. त्यांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी निदान ती गहाणाची रक्कम त्यांना सांगता आली पाहिजे.

तिसऱ्या ओळीचा फोटो खाली देते. 'रुपये'च्या आधीचा शब्द कुणाला लागला तर कृपया सांगा.