लॉबस्टरचं कवच कडक आहे की मऊ, नक्की कसं ओळखायचं?

नवा_ग्रेडर: जिवंत लॉबस्टरच्या ग्रेडिंगचं काम नुकतंच गळ्यात पडलंय. सगळे अंगठ्याने दाबून कडक, मध्यम, मऊ सांगतात, पण एकच लॉबस्टर दोघांनी दाबला की उत्तरं दोन, मग मऊ माल कडकमध्ये पॅक होतो आणि वाटेतच मरतो. दाबायचं कुठे? काही मशीन वगैरे असतं का?

खारट_वारा: डोक्यामागचं पाठीवरचं मोठं कवच आहे ना, त्याच्या दोन्ही बाजू पायांच्या जरा वर चिमटीत धरून हलकेच दाबायच्या. कडक असेल तर ढिम्म हलत नाही, मध्यम जरासं लवतं, नुकतीच कात टाकलेला असेल तर सरळ आत जातं. जोर नका लावू, मऊ कवच चिरलं की गेला तो. आणि डोळे पण वापरा की, नवं कवच चकचकीत असतं, जुन्यावर ओरखडे, नांग्यांची खालची बाजू घासलेली, कधी बार्नॅकल, म्हणजे खडकांना चिकटून राहणारे छोटे कवचवाले समुद्री जीव, चिकटलेले.

टाकीवाला: मशीन आहे, रबराचा कडकपणा मोजतात तो ड्युरोमीटर. पण कवच सगळीकडे सारखं जाड नसतं, त्यामुळे रोज एकाच जागी टेकवा नाहीतर आकड्यावरून पण भांडाल.

निळं_रक्त: कवच कडक म्हणजे आत मांस भरलेलं असं नाही हो. कात टाकल्यावर तो पाणी पिऊन फुगतो, म्हणून मऊ लॉबस्टर उकडला की पाणीच जास्त निघतं. आणि कडक माल बरेच दिवस टाकीत उपाशी ठेवला तर कवच तसंच राहतं, मांस मात्र आतल्या आत झिजतं, ते दाबून कसं कळणार? आम्ही थेंबभर रक्त रिफ्रॅक्टोमीटरवर बघतो, म्हणजे द्रवातून प्रकाश किती वाकतो त्यावरून त्यात किती विरघळलंय ते सांगणारं छोटं यंत्र. प्रोटीन जास्त तर त्याच्या पट्टीवरचा ब्रिक्सचा आकडा वर. पण फार वर दिसला तर लगेच खूश होऊ नका, कात टाकायच्या आधी पण प्रोटीन चढतं, आणि टाकीत कात टाकली की बाकीचे त्याला खातात.

नवा_ग्रेडर: बापरे, आम्ही नांगीच दाबत बसलो होतो. रक्त काढून मरत नाही ना?

निळं_रक्त: थेंबाने काही होत नाही. मागच्या पायाच्या बुडाशी मऊ सांधा असतो तिथून बारीक सुईने घ्या, आणि लगेच वाचा, पटकन गोठतं ते.